शिलंगणापासून त्रिपुरीपर्यंत: सणांत लहान मुलांना कामाला कसं लावावं

“काकांना थँक्यू म्हण.” दारात आलेल्या माणसासमोर पोरीला कोपरानं ढोसत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही. पोरगी मान खाली घालून अंगठ्यानं फरशी कोरणार, काका “असू दे, असू दे” म्हणणार, आणि विषय संपणार. एकदा आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, मागून म्हणाल्या, “तोंडानं म्हणून काय हुतंय? ताट दे की तिच्या हातात. जाऊन देऊन येऊ दे.”

तेव्हापासून आमच्या घरात ‘थँक्यू म्हण’ बंद आणि ‘जा, देऊन ये’ सुरू. आश्विन आणि कार्तिकात तर याची संधी शोधावीच लागत नाही. घट बसतात तिथून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत दीड महिना काही ना काही चालूच असतं. माझी मुलगी सहा वर्षांची, मुलगा साडेतीनचा. त्यांना जे जमलं तेच इथं क्रमानं लिहिलंय. सगळं एकाच वर्षी करायला जाऊ नका. दोन गोष्टी धरल्या तरी भरपूर झालं.

घट बसताना: मुलांचा वेगळा परळ

देवघरातला घट मुलांच्या हाती देऊ नका. तिथं सोवळंओवळं असतं, नंदादीप असतो आणि आत्तींचा जीव टांगणीला लागतो. कुंभाराकडून एक पसरट मातीचा परळ वेगळा आणा. आमच्या कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत किंवा नवरात्राआधी मंडईच्या बाहेर सहज मिळतो.

आदल्या रात्री मूठभर धान्य भिजत घालायचं: गहू, ज्वारी, मूग, मटकी, हरभरा, जे घरात असेल ते. सकाळी काळी माती चाळून परळात दोन बोटं जाडीचा थर द्यायचा, त्यावर धान्य पसरायचं, वरून पुन्हा मातीचा पातळ थर. पाणी फक्त हातानं शिंपडायचं, सकाळ-संध्याकाळ. हे मी ठासून सांगते, कारण मागच्या वर्षी धाकट्यानं प्रेमानं अख्खा तांब्या ओतला आणि चौथ्या दिवशी घरभर कुजका वास. परळ अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला की कोंब पिवळे आणि उंच येतात, खिडकीजवळ ठेवला की हिरवे. दोन्हीकडे एकेक ठेवून बघा, मुलांना गंमत वाटते.

रोज पाणी शिंपडताना एकच प्रश्न विचारायचा: “आज ताटातलं काय शेतातून आलं?” भाकरी, आमटी, चटणीतले शेंगदाणे. तिसऱ्या दिवशी पोरगी आपणहून यादी सांगायला लागली. मीठ कुठून येतं यावर मात्र आमची गाडी अडली ती अजून अडलेलीच आहे.

दसऱ्याला घट उठले की हे उगवलेलं धान आजोबांच्या टोपीत खोवायचा मान मुलांना द्या.

खंडेनवमी: ज्यानं काम केलं त्याला हळदकुंकू

माझ्या मते मुलांसाठी सगळ्या नवरात्रात हा दिवस सर्वांत चांगला, आणि तोच आपण गडबडीत उरकतो. पूर्वी शस्त्रांची पूजा असायची. आता घरोघरी विळी, खलबत्ता, शिलाई मशीन, स्कूटर आणि वह्यापुस्तकं पुजली जातात. मुलांना सांगायचं, वर्षभर तुझ्यासाठी राबलेली एक वस्तू निवड. निवडीत लुडबूड करायची नाही. पोरीनं सायकल निवडली. धाकट्यानं टीव्हीचा रिमोट. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्ती म्हणाल्या, “राबलाय की तो बी!”

निवडलेली वस्तू मुलानं स्वतः पुसायची, मग हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. सायकल पुसताना चेन, ब्रेक, हवा हे सगळं आपोआप बोलण्यात येतं. आणि कोपऱ्यावरच्या ज्या माणसानं पावसाळ्यात दोनदा पंक्चर काढून दिलं, तोही आठवतो. त्याचं नाव दसऱ्याच्या यादीत टाका.

शिलंगण: पानं मोजून घ्या

दसऱ्याच्या सकाळी मुलांना घेऊन बसायचं आणि विचारायचं, सोनं कुणाकुणाला द्यायचं? आजी-आजोबा झाले, शेजारी झाले, पुढं? दूध घालणारे मामा, शाळेच्या रिक्षाचे काका, जिन्याची झाडलोट करणाऱ्या मावशी, पंक्चरवाले. जितकी नावं तितकीच पानं आणायची. आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून दारोदार ढीग लावायचा आणि दुसऱ्या दिवशी ते घंटागाडीत टाकायचे, याला सोनं कसं म्हणायचं? पान बघून घ्या. आपट्याचं पान दोन पाकळ्यांसारखं जुळलेलं असतं, पण कांचनाचंही तसंच दिसतं. कांचनाचं बहुधा मोठं असतं आणि बाजारात सर्रास आपटा म्हणून खपतं.

पान उजव्या हातानं द्यायचं, “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा” म्हणायचं, मोठ्यांच्या पाया पडायचं. लाजरं मूल असेल तर नुसतं पान दिलं तरी चालेल, वाक्य आपण म्हणावं. माझी पोरगी पहिल्या वर्षी पान देऊन पळाली होती.

संध्याकाळी दसरा चौकात न्यायचं का? न्या, पण तयारीनं. अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या तिथं येतात, छत्रपती घराण्याच्या हस्ते शमीपूजन होतं, आणि सूर्यास्ताच्या सुमारास सोनं लुटायला जी झुंबड उडते ती साडेतीन वर्षांच्या पोराला झेपणारी नसते. गाडी लांब लावा, कडेला उभं राहा, पोराच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. सोहळा सुरू व्हायच्या आधी वेळ असतो, त्यात मुलांना चौकाभोवतीची बोर्डिंगं दाखवा. खेड्यापाड्यातल्या सगळ्या जातिधर्मांच्या पोरांना कोल्हापुरात राहून शिकता यावं म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहांना जागा दिल्या, मदत दिली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग 1901 सालचं. माझे आजेसासरे अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले. चौकातल्या महाराजांच्या पुतळ्याकडे बोट दाखवून मी पोरीला म्हणाले, “ते नसते तर तुझे पणजोबा शेतातच राहिले असते.” तिनं विचारलं, “मग त्यांना सोनं दिलं का?” आमच्याकडे एक पान जास्तीचं नव्हतं. यंदा मोजताना धरणार आहे.

कोजागिरी: दूध, आणि धाकट्याचं रडं

एक लिटर म्हशीचं दूध आटवून पाऊण करायचं. चार चमचे साखर, वेलदोडा, किंचित जायफळ, चारोळी, असेल तर केशर. लहान मुलांच्या दुधात बदाम-पिस्ते अख्खे किंवा तुकडे नकोत, पूड करूनच घाला, घशात अडकतात. गंगावेशीतल्या कट्ट्यावरून समोर पिळलेलं दूध आणलंत तर मुलांना म्हैस बघायला मिळते, पण घरी आणून उकळल्याशिवाय त्यांना देऊ नका. मध्यरात्रीची वाट बघायची गरज नाही. साडेआठला गच्चीवर चंद्र पुरेसा वर आलेला असतो आणि धाकटं जागं असतं.

याच दिवशी थोरल्या अपत्याला ओवाळतात, त्याला आश्विनी म्हणतात. ज्या मुलानं आपल्याला पहिल्यांदा आई-बाप केलं त्याचा हा मान. अडचण एवढीच की घरात धाकटंही असतं. “मला का नाही?” म्हणून आमच्याकडे फरशीवर लोळण झाली. उपाय सापडला तो असा: औक्षणाचं ताट धाकट्यानं धरायचं. ताट धरणारा माणूस महत्त्वाचा असतो, हे त्याला पटलं. निरांजन मात्र आपण पेटवायचं आणि ताटाखाली आपला हात ठेवायचा.

किल्ला: यंदा पन्हाळा करा

वसुबारसेच्या आठ दिवस आधी सुरुवात करा. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं बारदान, वरून मातीचा लेप, त्यावर अळीव भुरभुरायचे आणि रोज पाणी फवारायचं. तीन-चार दिवसांत हिरवळ फुटते. चित्रं, म्हणजे मातीचे मावळे, कुंभार गल्लीतून आणायची. आमच्याकडे मावळ्यांच्या जोडीला एक प्लास्टिकचा डायनासोर पहाऱ्याला असतो. त्याला हलवायची परवानगी मला नाही.

कोल्हापूरकरांनी पन्हाळा करावा, कारण खरा वीस किलोमीटरवर आहे आणि गोष्ट पोरांना कळणारी आहे. 1660 साली सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला. शिवाजी महाराज निसटावेत म्हणून नेबापूरचे शिवा काशिद महाराजांचा वेश करून पालखीत बसले आणि शत्रूच्या हाती गेले. पुढं घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल मावळे लढत राहिले, तोवर महाराज विशाळगडाला पोचले. किल्ल्यावर सिंहासनाशेजारी शिवा काशिदांची एक पालखी ठेवा, काडेपेटीची केली तरी चालते. पाहुणे किल्ला बघायला आले की ती पालखी कुणाची हे मुलांनी सांगायचं. आमची पोरगी ही गोष्ट इतक्यांदा सांगते की धाकटा मधूनच शेवट फोडतो.

वसुबारस: आज दूध वासराचं

हा दिवस पाळणारे दूध-दुभतं आणि गहू खात नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करतात. मुलांना कारण एका वाक्यात सांगा: आज दूध वासराचं. धाकट्यानं विचारलं, “रोज कुणाचं असतं?” काय उत्तर द्यावं सुचलं नाही, गवार वाढली.

फराळाचे डबे: इथं वेळ काढा

माझं म्हणणं असं की फराळाचा पहिला घाणा देवाला आणि दुसरा घराबाहेर जावा. उरलंसुरलं, चिवड्याचा तळातला चुरा, मोडक्या करंज्या हे कुणाला द्यायचं नाही. मुलं हे बरोबर ओळखतात आणि तेच शिकतात. दसऱ्याची यादीच पुन्हा काढायची, त्यात घंटागाडीवरच्या काकांची भर घालायची. चिवडा, चकली, शंकरपाळी, दोन लाडू. पुडक्यात चकली चुरते, म्हणून डबा बरा.

डबा भरायचं काम मुलांचं. लाडू मोजायला लावा. पोरीनं पहिल्या वर्षी एका डब्यात पाच आणि दुसऱ्यात दोन भरले. विचारलं तर म्हणाली, “रिक्षावाले काका मला पुढं बसवतात.” तिचा हिशोब मी मोडला नाही, फक्त दोनाचे तीन केले.

देताना तीन गोष्टी पाळा. डबा मूल स्वतः नेईल आणि दोन्ही हातांनी देईल. त्या माणसाचं नाव त्याला माहीत असेल, नसेल तर आधी विचारून ठेवा. ‘कचरेवाले’ हे नाव नाही. आणि दिवाळीच्या आधी द्या, म्हणजे त्यांच्या घरच्या मुलांनाही सणाला मिळेल. फोटो काढू नका. समोरच्याला अवघडल्यासारखं होतं, आणि पोराचं लक्ष माणसावरून कॅमेऱ्याकडे जातं.

अवघड प्रश्न येतील. “मावशी आपल्याकडे खुर्चीवर का बसत नाहीत?” मला घाम फुटला होता. पुढच्या वेळी मावशी आल्या तेव्हा पोरीनंच खुर्ची ओढून दिली, त्या बसल्या, चहा झाला. चार दिवसांनी आमचा डबा परत आला, त्यात त्यांच्या घरचे अनारसे. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आपल्याकडची जुनी रीत, तीही मुलांना सांगून ठेवा. आपल्याकडे कुणाचा डबा राहिला असेल तर त्यात निदान चमचाभर साखर घालून मुलांच्याच हाती परत पाठवा.

पाडव्याच्या म्हशी

दिवाळीत गवळी मंडळी आपल्या म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवलेली, त्यावर मोरपिसं, गळ्यात माळा, पायात चाळ. मालकाच्या हाकेसरशी त्या गाडीमागं पळतात. शनिवार पेठेतल्या गवळी गल्लीच्या बाजूला गेलात तर बघायला मिळतं. लहान मुलांना कडेवर घ्या आणि म्हशीच्या वाटेतून दूर उभे राहा, फटाके वाजत असतील तर आणखी दूर. वर्षभर आपण जिचं दूध पितो तिचा आज थाट आहे, एवढं सांगितलं की पुरे. धाकटा घरी येऊन दोन दिवस चार पायांवर पळत होता.

त्रिपुरी पौर्णिमा

पहाटे पंचगंगा घाटावर पणत्यांच्या रांगा लागतात. मुलांना उठवणं हेच अर्धं काम. रात्री झोपतानाच स्वेटर घालून ठेवा. दिवाळीच्याच पणत्या न्या, तेल बाटलीत, वाती आधी भिजवून. पायऱ्या ओल्या आणि तेलकट असतात, त्यामुळं पाण्यालगतच्या पायऱ्यांवर मुलांना सोडू नका. मोकळे केस बांधा, लोंबती ओढणी नको. पेटवायचं आपण, ठेवायचं मुलांनी. एक पणती ठेवताना एक नाव घ्यायचं, यादी आता पाठ झालेली असते.

थंड झालेल्या आपल्या पणत्या परत आणा, वाती काढून गरम पाण्यात भिजत घाला आणि उन्हात वाळवा, पुढच्या वर्षी चालतात. त्या ठेवायचा पत्र्याचा डबा माळ्यावर चढला की सण संपले, असं आमची पोरं धरून चालतात. म्हणून तो चार दिवस स्वयंपाकघरातच राहतो.