सलूनची फ्रँचायझी घेण्याआधी : ठाण्यातला अनुभव

घोडबंदर रोडला माझं सलून आहे, एका ब्रँडच्या फ्रँचायझीवर चालणारं. या धंद्यात उतरू पाहणारे बरेच जण भेटायला येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एकूण किती लागतील?" मी म्हणते, आधी हे विचारा की कंपनीला पैसे कशावर मिळणार आणि आपल्याला कशावर. कंपनीची रॉयल्टी, म्हणजे ब्रँड वापरायचे पैसे, विक्रीवर असते, आपली कमाई सगळं भागवून उरलं त्यावर. महिना तोट्यात गेला तरी रॉयल्टी चुकत नाही. काही करारांत तर 'मिनिमम गॅरंटी' असते, म्हणजे विक्री पडली तरी ठरलेला आकडा भरायचाच.

त्यात आता जीएसटीचं गणित बदललंय. 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनच्या सेवांवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकासाठी चांगलंच झालं, पण आपलं इनपुट क्रेडिट गेलं, म्हणजे खर्चावर भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करता येत नाही. समजा महिन्याची विक्री 5 लाख आणि रॉयल्टी 8 टक्के. 40 हजार रॉयल्टी, त्यावर 18 टक्क्यांनी जीएसटी 7,200. हे 7,200 पूर्वी वळते व्हायचे, आता खिशातून जातात. गाळ्याचं भाडं लाखभर असेल तर त्यावरचे 18 हजारही तसेच. गाळामालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि तुमची असेल, तर तो कर 'रिव्हर्स चार्ज'ने तुम्हीच भरायचा. 30 लाखांच्या इंटिरिअरवरचे 5 लाख 40 हजार पण परत येत नाहीत. कंपनी दाखवते ती प्रोजेक्शन शीट, म्हणजे पुढच्या विक्री-खर्चाचा अंदाज, हे सगळं धरून केलेली आहे का, ते स्वतःच्या सीएकडून तपासून घ्या. कंपनीने सुचवलेल्या सीएकडून नको.

त्या शीटमध्ये बाराही महिने सारखेच दिसत असतील तर थांबा. श्रावणात आणि पितृपक्षात खुर्च्या रिकाम्या राहतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार केस न कापणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. दिवाळी आणि लग्नसराईवर वर्ष तरतं. सेवाही इथल्या माणसाला हव्या त्याच असाव्यात. परदेशात रंग सावळा करून देणारी टॅनिंग सलून चालतात. आपल्याकडे गिऱ्हाईक येतं ते डी-टॅनसाठी, उन्हाने आलेला काळेपणा उतरवायला.

सही करण्याआधी त्याच ब्रँडच्या चालू शाखांसमोर जाऊन बसा, रविवारी नव्हे, आठवड्यातल्या एखाद्या दुपारी. मी खारघरला अशीच गेले होते. तिथल्या मालकांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "ताई, सेल विचारू नका, सेल सगळेच फुगवून सांगतात. कंपनीकडून सक्तीने किती माल घ्यावा लागतो ते विचारा." मग त्यांनी मागचं कपाट उघडून दाखवलं. एक्स्पायरी जवळ आलेल्या हेअर स्पाच्या डब्यांनी दोन कप्पे भरलेले होते. त्या कपाटाने मला जे कळलं ते कुठल्याच प्रेझेंटेशनमध्ये नव्हतं. ज्यांनी फ्रँचायझी सोडली त्यांनाही भेटा. कंपनी त्यांचे नंबर देणार नाही, ते आपणच शोधायचे.

गाळा बघताना कार्पेट एरिया मोजून घ्या आणि पाण्याची चौकशी करा. घोडबंदर पट्ट्यात टँकरवर चालणाऱ्या इमारती बऱ्याच आहेत आणि सलूनला दिवसभर पाणी लागतं. स्टाफसाठी जवळपास खोली लागेल, ते भाडंही खर्चात धरा. चांगला स्टायलिस्ट गेला की त्याची गिऱ्हाइकं त्याच्या मागे जातात, म्हणून पगाराबरोबर इन्सेन्टिव्ह पहिल्या महिन्यापासून वेळेवर द्या.

आता करार. फ्रँचायझीसाठी भारतात वेगळा कायदा नाही, मुख्य आधार 1872 च्या करार कायद्याचा. तोंडी आश्वासनं नंतर सिद्ध करणं कठीण जातं. 'या भागात दुसरी शाखा देणार नाही' हे किलोमीटरमध्ये लिहून घ्या, आणि ब्रँडच्या अ‍ॅपवरून घरपोच सेवा दिली तर ती त्यात मोजली जाणार का तेही. गाळ्याचं लिव्ह अँड लायसन्स आणि फ्रँचायझीची मुदत एकत्र संपेल असं बघा, नाहीतर ब्रँड जातो आणि भाड्याचा लॉक-इन, म्हणजे ठरल्या मुदतीआधी गाळा न सोडण्याची अट, गळ्यात राहतो. गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची यादी कोणाची, हे कलम वकिलाकडून मोठ्याने वाचून घ्या. माझ्या करारात ते पान 17 वर होतं, आणि त्यावरच आमची सगळ्यात लांब बोलणी झाली.