घरात शिकायची जागा कशी करायची (दोन ते सहा वर्षांच्या पोरांसाठी)

आधी एक करा, हॉलमध्ये जमिनीवर बसा आणि तिथून घर बघा. तीन वर्षांचं पोर साधारण तीन फुटांचं असतं, त्याला दिसतं काय तर टेबलाची खालची बाजू, चार्जरच्या वायरी आणि मोठ्यांचे गुडघे. पुस्तकं वर, ग्लास वर, टॉवेल वर, कंगवाही वर. मग दिवसभर "आई दे ना" चालू आणि आपण म्हणतो हा स्वतःहून काही करतच नाही. करेल कसा, हातच पोचत नाही!

तर वस्तू खाली आणा. दोन खुंट्या खाली ठोका, भाड्याचं घर असेल तर चिकटवायचे हुक मिळतात. किचनमधला सगळ्यात खालचा ड्रॉवर त्याचा, त्यात वाट्या, झाकणांसकट डबे, लाकडी चमचे. बेसिनपाशी न हलणारं स्टूल. खेळणी टोपलीत कोंबून ठेवू नका, चारपाचच उघड्या फळीवर मांडा आणि बाकीची माळ्यावर टाकून अधूनमधून बदला, कारण ढीग असला की पोरं नुसती उपसतात आणि निघून जातात. फिनेल, औषधं, काड्यापेटी मात्र वर आणि कुलपात, यात लाड नाहीत.

आणि यासाठी ऑनलाईन महागडी मॉन्टेसरी किट मागवायची काही गरज नाही हो. ज्यांच्या नावाने ही किट विकतात त्या मॉन्टेसरीबाईंनी, म्हणजे पोरांनी स्वतःच्या हातांनी करत शिकावं म्हणणाऱ्या इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी, 1907 साली रोममध्ये लहान पोरांची पहिली शाळा काढली तेच मुळी गरीब वस्तीतल्या पोरांसाठी. आपल्याकडे बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा शिंपले, बिया, पानं, दगड हेच साहित्य होतं, आणि पोरं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे 1957 ला जवळच्याच कोसबाड गावी गेल्यावर दिसलं की मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी थांबते, मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी केली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणावरच शाळा. पोर शिकत नाही म्हणून पोराला बोल लावला नाही, सोय बदलली. आपल्यालाही घरात एवढंच करायचंय. (चिंचोके, शेंगदाणे, मणी तीन वर्षांच्या आतल्या पोरांना देऊ नका, घशात अडकतात नाहीतर नाकात जातात. त्यांना मोठी झाकणं बरी.)

आता खरं अवघड काम, म्हणजे आपण मोठी माणसं. पाणी ओतायचा खेळ घ्या. छोटा तांब्या अर्धा भरा, दोन वाट्या, सगळं परातीत, शेजारी सुकं फडकं. एकदा हळूहळू, तोंडाने काही न बोलता ओतून दाखवा आणि मग हात मागे घ्या. पोरं जीभ बाहेर काढून, श्वास रोखून ओततात, पाणी काठाशी आलं की तांब्या कधी सरळ करायचा हे त्या मनगटाला तिथेच कळत असतं, आणि नेमकं त्याच क्षणी आपण ओरडतो "सांडेल हं!" आणि सांडतंच. सांडलं तर फडकं आहे की, पिळायचं कसं ते दाखवा. आजीला सर्दीची काळजी असते, तर त्यांना मटार सोलायला पोराबरोबर बसवा, "या शेंगेत किती निघाले गं?" करत मोजणंही होतं आणि गोष्टीही होतात.

एबीसीडी लिहीत नाही म्हणून घाबरू नका, आधी बोटांत ताकद यायला हवी, ती कणीक मळून, लसूण सोलून, शर्टाची बटणं लावून येते.

बोलायचं भरपूर, पण घरात जी भाषा तोंडात बसलीये तिच्यातच. मराठी घरात "बेटा, ॲपल फिनिश कर" कशाला? भाजी घेताना विचारा, लाल माठ घेऊ का हिरवा, आणि विचारलं की थांबा, मनात पाचपर्यंत मोजा, कारण त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो आणि आपण मध्येच उत्तर देऊन टाकतो. मोबाईलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय, दोन वर्षांच्या आत नकोच, दोन ते चार वर्षांना दिवसाला फार तर 1 तास, कमी तेवढं बरं. जेवताना आपला फोन हातात असला तर पोराला काय सांगणार म्हणा.

बालवाडी शोधत असाल तर फी विचारायच्या आधी पाऊण तास तिथे बसू देतात का विचारा. रडणाऱ्या पोराला कोण उचलून घेतं, वाळू-माती आहे का, ताई बोलताना खाली बसतात का लांबूनच ओरडतात, हे बघा. ज्युनियर केजीला होमवर्क आहे असं अभिमानाने सांगितलं, तर मी तरी म्हणेन फॉर्म न घेता परत या.