भिंतीतली ओल कुकरमधून येते

चिपळूणला ओल बाहेरून यायची, म्हणून पावसाआधी पडवीला बाहेरच्या अंगाने झावळ्यांचे झाप बांधायचो. कॅनडात, मिसिसागात सगळं उलट. जानेवारीत बाहेर उणे 15 आणि घरात कुकरची वाफ, आंघोळी, वाळत घातलेले कपडे. 21 अंशांची, 40 टक्के आर्द्रतेची हवा 7 अंशांच्या आसपास गार झाली की पाणी सोडते. भिंतीत ऊब धरायला भरलेल्या फायबरग्लासच्या पलीकडचं प्लायवूड त्याहून कितीतरी गार असतं.

म्हणून वाफ अडवणारं प्लॅस्टिक उबेच्या बाजूला लावायचं. लाकडी सांगाड्यात फायबरग्लास, त्यावर घराच्या अंगाने 6 मिलचं पॉलिथिन (साधारण 0.15 मिमी) आणि मग ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे बोर्ड.

मागच्या खोलीची भिंत मीच केली होती. पॉलिथिन छान ताणून बसवलं आणि स्विचच्या डब्यापाशी कात्रीने भोक पाडून मोकळी झाले. मार्चमध्ये थंडी ओसरली आणि डब्याखाली चहा सांडल्यासारखा डाग उमटला. हिवाळाभर आत साचलेलं हिम वितळलं होतं! पॉलिथिनमधून वाफ झिरपते ती किरकोळ, फटीतून हवेबरोबर जाते ती खरी.

दुसऱ्यांदा आधी डब्याला मागून प्लॅस्टिकची खोळ घातली. पॉलिथिनचे जोड लाकडावरच घ्या, 6 इंच एकावर एक, मध्ये फट बुजवणारं काळं, चिकट अकौस्टिक सीलंट. ते वाळतच नाही, त्यामुळे जुने कपडे घाला. माझा एक कुर्ता गेलाच. वरून लाल टेप. आणि कुकर लावला की पंखा सुरू, तोही हवा घराबाहेर टाकणारा.

तळघराचं शास्त्र वेगळं. काँक्रीट जमिनीतली ओल ओढतं. 18 इंच चौरस प्लॅस्टिक चारही कडांनी भिंतीला चिकटवून 16 तास ठेवा. मागे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलं, तर आधी बाहेरच्या पाण्याचा निचरा बघा. फायबरग्लास काँक्रीटला टेकवू नका; आधी 2 इंची कडक फोमचे तक्ते चिकटवा, जोड टेपने बंद करा, मग सांगाडा. त्यावर पुन्हा पॉलिथिन लावण्याआधी नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरला विचारा. दोन्हीकडून कोंडलेली भिंत वाळणार कुठून?

मुंबईच्या बहिणीने विचारलं, एसीच्या बेडरूमला आतून असंच पॉलिथिन लावू का? म्हटलं, नको गं बाई. तुझ्याकडे दमट हवा बाहेर आणि गारवा आत. पाणी त्या पॉलिथिनवरच धरेल, तेही बोर्डाच्या मागे, तुला दिसणार नाही असं.