आडनाव एकच, लॉर्ड अनेक: कोण कोणता ते कसं ओळखायचं

इंग्रज-मराठा युद्धांवर वाचताना लॉर्ड वेलस्ली आणि वेलिंग्टन यांची सरमिसळ हमखास होते, चांगल्या पुस्तकांतसुद्धा होते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी साल बघा. 23 सप्टेंबर 1803 ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो आर्थर वेलस्ली, पण तेव्हा तो नुसता मेजर जनरल होता, वेलिंग्टन ही पदवी 1809 ची आणि ड्यूक (सगळ्यांत वरची पदवी) झाला 1814 ला, त्यामुळे 'असईला वेलिंग्टन जिंकला' असं कुठे दिसलं की समजा लिहिणाऱ्याने नंतरचं नाव मागे नेलंय. लॉर्ड वेलस्ली हा त्याचा थोरला भाऊ रिचर्ड, गव्हर्नर जनरल, वसईचा तह याच्याच काळातला. आणखी दोन भाऊ पण लॉर्ड झाले, विल्यम 1821 ला बॅरन (सगळ्यांत खालची पदवी, बोलताना लॉर्डच म्हणतात) मेरीबरो आणि हेन्री 1828 ला बॅरन काउली. म्हणजे सख्खे चार भाऊ, पदव्या चार, आणि आडनाव दिसतं फक्त एकीत!

मग कितवा लॉर्ड ते बघा. मुंबईचे दोन एल्फिन्स्टन घ्या. कॉलेज ज्याच्या नावाचं तो माउंटस्टुअर्ट, 1819 ते 1827 गव्हर्नर, पण लॉर्ड नव्हताच, कारण वंशपरंपरेची पदवी थोरल्याकडे जाते आणि हा धाकटा. स्टेशन (आताचं प्रभादेवी) ज्याच्या नावाचं होतं तो त्याचा पुतण्या जॉन, 13वा लॉर्ड एल्फिन्स्टन, 1853 ते 1860 चा गव्हर्नर.

'लॉर्ड'नंतर पहिलं नाव आलं, जसं लॉर्ड विल्यम बेंटिंक, तर तो बहुतेक ड्यूकचा किंवा मार्क्वेसचा (ड्यूकच्या खालची पदवी) धाकटा मुलगा, मानाने लॉर्ड, स्वतःची पदवी नाही.

ब्रिटनमधल्या 1958 च्या कायद्यानंतरच्या तहहयात लॉर्डांचं वेगळंच, पदवी त्या माणसाबरोबर संपते आणि आडनाव जुळलं म्हणून नातं असेलच असं नाही. 1999 ला डॉक्टर नरेंद्र पटेल नुसते लॉर्ड पटेल झाले, मग पुढच्यांना गाव जोडावं लागलं, 2000 ला लॉर्ड पटेल ऑफ ब्लॅकबर्न, 2006 ला लॉर्ड पटेल ऑफ ब्रॅडफर्ड. इथे स्वल्पविराम नीट बघा, 'बॅरन पटेल, ऑफ डंकेल्ड' (हे नरेंद्र पटेलच) असं असेल तर स्वल्पविरामानंतरचं गाव पदवीत धरत नाहीत, स्वल्पविराम नसेल तर गाव पदवीचाच भाग, ते गाळलंत की माणूसच बदलतो.