खरी सोजू कशी निवडायची आणि कशी प्यायची

के-ड्रामा बघून हिरव्या बाटलीतली सोजू (कोरियाची दारू) घेतली, गोडसर पाण्यासारखी लागली आणि विषय तिथंच संपला असं बऱ्याच जणांचं होतं, पण ती जुनी गाळीव सोजू नव्हेच. हिरव्या बाटलीत असतं रताळं, टॅपिओका असल्या मालातून काढलेलं जवळपास शुद्ध अल्कोहोल, त्यात पाणी आणि स्वीटनर. 1965 मध्ये धान्यटंचाईमुळे कोरियात तांदळाची दारू गाळायला बंदी आली आणि ती उठेपर्यंत लोकांच्या जिभेला हीच सवय झाली. आता तिथली तरुण मंडळी परत जुन्या चवीकडे वळतायत, 2022 मध्ये रॅपर जे पार्कने वॉन सोजू काढली तेव्हा सोलमध्ये रांगा लागल्या होत्या!

तर आधी फोनचा कॅमेरा लावून मागचं लेबल ट्रान्सलेट करा. तांदूळ किंवा दुसरं धान्य, पाणी, नुरुक (म्हणजे गव्हाची आंबवणाची वडी) एवढंच दिसलं तर बिनधास्त घ्या, स्वीटनर दिसलं की परत जागेवर ठेवून द्या. नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका, हिरवी 16-17 टक्क्यांची असते खरी पण ह्वायो या ब्रँडची एक गाळीव बाटलीपण 17 ची येते.

पहिल्यांदाच पिणार असाल तर ह्वायो 25 घ्या, नाहीतर जॉन्जू शहराची इगांगजू, तीपण 25 टक्के, नाशपाती आणि आल्याची. मग आन्दोंग सोजू, 45 टक्के, जोरदार. पण माझी सगळ्यात लाडकी मुनबेजू, 40 टक्क्यांची, मूळची प्योंगयांगकडची, ज्वारी आणि राळ्यासारख्या धान्यातून गाळलेली, आणि वास येतो चक्क रानटी नाशपातीचा, फळाचा एक तुकडा न घालता! गोव्याची फेणी ज्यांना आवडते त्यांना हे धान्याचे, फळाचे उग्र वास लगेच पटतील.

पिताना शॉट मारायचा नाही, प्लीज. छोट्या ग्लासात थोडी ओता, फ्रीजमधली नको, आधी वास घ्या मग अगदी छोटा घोट, तोंडात जरा फिरू द्या, जळजळलं तर थोडं साधं पाणी टाका, वास अजून खुलतो. बिअरमध्ये मिसळायला हिरवीच ठेवा, ही नाही. सोबत भाजलेलं पोर्क किंवा तव्यावरचे जॉन (कोरियन धिरडी) मस्त लागतात, आणि मोठ्यांसोबत बसलात तर दोन्ही हातांनी ओतायचं, पिताना तोंड थोडं बाजूला वळवायचं.

कोरियाहून कुणी येत असेल तर सांगून ठेवा, भारतात माणशी 2 लिटर दारू ड्यूटी न भरता आणता येते.