ग्रीफ्सवाल्डचं क्षितिज आणि माझे तीन कॅनव्हास

तैलरंग शिकायला लागल्यावर पहिले काही महिने मी लोटे आणि लिंबंच रंगवत होतो. कंटाळलो, तेव्हा सरांनी सांगितलं, "एखादं जुनं चित्र उतरवून बघ, हात आपोआप सुधारेल." मी निवडलं जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिखचं 'ग्रीफ्सवाल्डजवळची कुरणं'. १८२१-२२ च्या सुमाराचं हे चित्र आता हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात आहे. ग्रीफ्सवाल्ड हे त्याचं जन्मगाव, तेव्हा तो राहायचा मात्र ड्रेस्डेनला.

निवडीमागे आळसच होता. मूळ चित्र जेमतेम ३४.५ बाय ४८.३ सेंटिमीटर. खाली सपाट कुरण, त्यात उधळलेले घोडे, क्षितिजावर चर्चचे मनोरे, घरं नि पवनचक्क्या, आणि वर नुसतं आकाश. पंधरा दिवसांत उरकेल असं वाटलं होतं. चार महिने गेले.

पहिल्या कॅनव्हासवर चौकोनांची जाळी आखून मनोरे मिलिमीटरच्या हिशोबानं बसवले. रेखाटन चोख होतं, रंग भरल्यावर गाव मात्र अंगावर धावून आलं. मनोरे म्हणजे दगड, दगड म्हणजे गडद, असं डोक्यात धरून मी ते रंगवले होते. समोर चित्र असूनही मी त्याकडे पाहतच नव्हतो. मग छापील प्रतीचा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल केला. गाव आणि त्यामागचं आकाश यांच्या उजेडात फरक इतका थोडा, की डोळे किलकिले केले तर मनोरे जवळजवळ विरघळून जातात.

यावर उपाय साधा निघाला. गावासाठी वेगळा रंग काढायचाच नाही. क्षितिजाजवळच्या आकाशासाठी मिसळलेल्या रंगातच किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घालायचा. पॅलेट नाइफच्या (रंग कालवायच्या बोथट सुरीच्या) टोकावर थोडा रंग घेऊन तो प्रतीशेजारी धरायचा, जुळला तरच ब्रश उचलायचा. हे स्क्रीनसमोर करू नका. स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, तो रंग डबीतून कधीच निघत नाही. चांगली छापील प्रत घ्या, खर्च झाला तरी.

दुसरा कॅनव्हास आकाशानं घालवला. वरच्या निळ्यापासून खालच्या पिवळ्यापर्यंतचा उतार मला एका बैठकीत हवा होता, म्हणून रंगात जवसाचं तेल सढळ हातानं ओतलं. वर साय धरली, खाली ओलं राहिलं आणि आठवड्यानं सुरकुत्या पडल्या. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. त्यामुळे आधीचे थर टर्पेन्टाइननं पातळ केलेले आणि कमी तेलाचे, नंतरचे जास्त तेलाचे, हा क्रम पाळावाच लागतो. थर पातळ ठेवा आणि मध्ये थांबा. पुण्याच्या पावसाळ्यात मला एकेका थरासाठी आठवडाभर थांबावं लागलं. घाईनं कपाटात कोंडून ठेवलात तर तेल पिवळं पडतं, वाळायचं तर तसंच राहतं. आणि तेलानं माखलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी झाकणाच्या डब्यात पाणी भरून त्यात टाकतो.

मापाचंही एक आहे. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात नक्कल करायला परवानगी मिळते, पण तुमची प्रत मूळ चित्राच्या मापाची असून चालत नाही. मी घरीच बसलो होतो, तरी तोच नियम धरून मोठा कॅनव्हास घेतला. दुय्यम फायदा असा, की लहान ब्रशनं टोकरत बसायची सवय सुटली.

तिसऱ्यावर गाव अखेर लांब गेलं. मनोऱ्यांच्या कडा, रंग ओला असतानाच, कोरड्या ब्रशनं एकदाच पुसट केल्या; दुसऱ्यांदा हात फिरवला तर चिखल होतो. घोड्यांबद्दल विचारू नका, त्यातला एक अजून शेळीच दिसतो. मागच्या बाजूला 'फ्रीडरिखवरून' असं लिहिलंय, माझं नाव आणि तारीखही. व्हार्निश अजून लावलेलं नाही, रंग पुरता वाळायला सहा महिने व्हायचेत.