नव्या बोन्सायला कात्री कधी लावायची आणि कुठे

नवं रोप कुंडीत लागलं की हात शिवशिवतात. लातूरकडची नवी पोरं रोप घेऊन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काका, कुठून कापू?" मी उलट विचारतो, "खोड भरलंय का?" करंगळीएवढ्या खोडाला आकार देण्यात अर्थ नाही. खोड पानांच्या जिवावर जाड होतं. फांद्या उडवल्या की पानं गेली, आणि जाडी तिथेच थांबली. म्हणून वड, उंबर, चिंच सुरुवातीला मोठ्या कुंडीत मोकळी वाढू द्यावीत. बुडाजवळची एक फांदी मुद्दाम लांब सोडली तर तिच्याखालचं खोड फुगतं. ती दिसायला वेडीवाकडी असते, शेजारीपाजारी हसतात. हसू द्या. काम झालं की तिला काढायचंच आहे.

आता वेळ. द्राक्षवाल्या घरातल्या पोरांच्या डोक्यात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी पक्की बसलेली असते. तो हिशेब इथे चालत नाही. वेलीची मुळं खोल गेलेली, वर ठिबक. कुंडीत चार बोटं माती, मे महिन्यात पारा 42 च्या पुढे आणि खाली तापलेला स्लॅब. अशात झाड बोडकं केलं तर साल भाजते आणि कोवळी फूट करपते. माझ्या मते मोठ्या छाटणीला दोनच वेळा बऱ्या: फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा, आणि पाऊस धरल्यावर जूनअखेर ते ऑगस्ट. त्यातही मृगाचा आपल्याकडे काय भरवसा! तारखेपेक्षा शेंडा बघा. टोकदार कोंब उलगडून कोवळी पानं निघत असतील तर झाडात जोर आहे. डिसेंबर-जानेवारीत वड मंदावतो, जखम लवकर भरत नाही. तेव्हा कात्री खिशातच बरी. बोगनवेलीचं वेगळं. तिला फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की छाटावी.

जागा ठरवताना कुंडी डोळ्यांच्या पातळीवर ठेवा आणि झाडाची पुढची बाजू आधी पक्की करा. पहिली मोठी फांदी साधारण एक तृतीयांश उंचीवर असावी. खोडाला वळण असेल तर बाहेरच्या अंगाची फांदी ठेवा, आतल्या अंगाची काढा. एकाच जागेवरून दोन फांद्या समोरासमोर निघाल्या असतील तर एक जाऊ द्या, नाहीतर तिथे गाठ धरते. सरळ वर पळणारी आणि उलटी खोडाकडे वळणारी, दोन्ही नकोत. शंका असेल त्या फांदीला रंगीत दोरा बांधून आठवडाभर तशीच राहू द्या. कापलेली फांदी परत चिकटवता येत नाही.

काप डोळ्याच्या, म्हणजे पानाच्या बगलेतल्या कोंबाच्या, किंचित वर घ्यायचा. डोळा ज्या बाजूला, नवी फांदी त्या बाजूला. वडाची पानं आळीपाळीने वेगवेगळ्या अंगांना असतात, त्यामुळे दिशा तुमच्या हातात राहते. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून धरतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात. सहा-सात पानं आली की दोन ठेवून बाकी खुडा, फांदी दाट होत जाते. पण जी फांदी अजून जाड व्हायची आहे तिचा शेंडा खुडू नका.

वड कापला की पांढरा चीक टपटपतो. घाबरू नका, पाण्याचा फवारा मारा आणि ओल्या फडक्याने टिपा. अंगावर जुने कपडे असू द्या, तो डाग जात नाही. जाड जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. कात्रीचं पातं दर झाडानंतर स्पिरिटने पुसा.

नवशिक्याने मोठी छाटणी आणि कुंडीबदल एकाच वेळी करू नये. छाटणीनंतर पानं कमी, म्हणून पाणीही कमी लागतं. माती वरून सुकल्यावरच द्या. झाड आठ-दहा दिवस हिरव्या जाळीखाली ठेवा, आणि नवी पालवी पूर्ण उघडल्याशिवाय खताला हात लावू नका.